सत्तावीस चौदा

तपासनीसांची जीप फाटकाबाहेर पडली, शाळेच्या वळणावरच्या स्पीडब्रेकरवर धाडकन आपटली आणि दिसेनाशी झाली, तरी ताई प्रेसच्या दांड्यावर हात ठेवून होती तिथेच उभी राहिली. आरडाओरडा करणाऱ्या माणसाला ती उभ्या जन्मात कधी भ्याली नव्हती. पण हा माणूस आवाज न चढवता, अगदी अदबीनं बोलून गेला, आणि ती भ्याली.

"चार वाजता परत येतो, बाई," असं म्हणाले होते ते. "तोवर शून्यापासून नऊपर्यंत सगळे अंक एका भंगार पत्र्यावर दाबून ठेवा. गावात नंबरप्लेटचे चार प्रेस, चौघांनाही हेच सांगितलंय. तुमच्याकडे येणं म्हणजे नुसता उपचार हो. मापाबाहेर सूतभर न जाणारा प्रेस म्हणून आमच्या कचेरीत तुमचंच नाव घेतात."

घेत होतेच नाव. शेजारच्या शेडमध्ये तिच्या धाकट्या भावाचं गॅरेज, आणि त्याच्याकडे येणाऱ्या गाड्या सगळ्या जमिनीला पोट टेकलेल्या. त्यांचे हौशी मालक रांगेनं ताईकडे यायचे. "पुढची प्लेट जरा लहान करून द्या ना, बंपरच्या तोंडात मावत नाही." "अंक जरा तिरके, झोकदार काढा ना." ताईचं उत्तर ठरलेलं: "मग गाडी मोठी घ्या." नियम म्हणजे नियम. अंकांची उंची तेवढीच, दोन अंकांमधली फट तेवढीच, गाडीचे कागद बघितल्याशिवाय पत्रा प्रेसखाली जायचा नाही, आणि कोपऱ्यात प्रेसचा शिक्का बसल्याशिवाय प्लेट दाराबाहेर जायची नाही. तीस वर्षं. एकदाही नाही.

आणि आज तपासनीस साहेबांनी प्लास्टिकच्या पिशवीतून जी प्लेट दाखवली, तिच्या कोपऱ्यात शिक्का नव्हता.

गुरुवारी दुपारी शाळा सुटत होती. हातात 'थांबा' लिहिलेली गोल पाटी घेऊन मुलांना रस्ता ओलांडून देणारी बाई नेहमीच्या जागी होती. एक लाल गाडी आली, स्पीडब्रेकरवर घासली, बाईंना धक्का देऊन पाडलं आणि निघून गेली. बाईंच्या खुब्याचं हाड मोडलं. गाडीचा नंबर कुणी टिपला नाही, पण पुढची नंबरप्लेट स्पीडब्रेकरला अडकून तुटून तिथेच पडली होती. सत्तावीस चौदा. गावात अक्षरं सगळ्या गाड्यांची एकच, फरक काय तो चार अंकांचा. सत्तावीस चौदा निघाली शाळेच्याच बसच्या ड्रायव्हरची, त्याची स्वतःची जुनी गाडी. तीही लाल. झालं! दुसऱ्या दिवशी शाळेनं त्याला घरी बसवलं. "माझ्या गाडीच्या दोन्ही प्लेटा जागच्या जागी आहेत," असं तो कंठशोष करून सांगत होता. लोक म्हणत होते, पडल्यावर रातोरात नवी करून बसवली असेल. पण सापडलेल्या प्लेटवर शिक्का नव्हता; ती कुणी करून दिली, हे शोधत तपासनीस फिरत होते.

धाकटा हात पुसत आत आला. अंगानं चांगला पहाडासारखा, पण गाड्या चपट्या करून देतो म्हणून गावानं त्याला चपट्या केलं होतं आणि घरानंही तेच उचललं होतं.

"काय गं, काय म्हणत होते? असा चेहरा का झालाय तुझा?"

"प्लेट आपली आहे."

"काहीतरीच काय!"

"सातचा ठसा बघ." ताईनं खणातून ठसा काढून त्याच्या तळहातावर ठेवला. सातच्या आडव्या रेघेला टोकाशी तांदळाच्या दाण्याएवढा खळगा होता. "त्या प्लेटवर हाच सात आहे. बोटानं चाचपून बघितला मी पिशवीवरून."

चपट्यानं ठसा उजेडाकडे धरला. मग दाराकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. पाऊण वाजला होता.

"कानस आण," तो म्हणाला. "नको, मीच आणतो. दोन मिनिटांचं काम आहे ताई. रेघेचं टोक घासून सपाट करतो, खळगा गायब. चार वाजता ते आले की दाबून दाखवायचा गुळगुळीत सात आणि चहा पाजून वाटेला लावायचं. परवाना गेला तर प्रेस गेला. प्रेस गेला तर या जागेचं काय, माझं काय?"

"अरे, पण मी ती प्लेट केलीच नाही! सत्तावीस चौदा मी आयुष्यात दाबला नाही. रजिस्टर बघ हवं तर."

"रजिस्टरात कशी असेल? शिक्क्याविना केलेली आहे ना! बिनकागदाची तू कुणाला करून दिलीस, ते आठव."

 बिनकागदाची एक प्लेट ताईनं खरंच करून दिली होती. एकच. तीन आठवड्यांपूर्वी. तिचे कान तापले.

"नानाला," ती म्हणाली.

नाना म्हणजे या दोघांच्या मधला. रस्ते खात्यात इंजिनिअर. त्याचं नाव ऐकताच चपट्यानं ठसा टेबलावर आपटला. शाळेच्या वळणावरचा तो स्पीडब्रेकर नानाच्याच सहीनं झाला होता. नियमात बसतो त्याहून चांगला चार बोटं उंच. चपट्यानं टेप लावून मोजला होता. त्या दिवसापासून गॅरेजला येणारी प्रत्येक बुटकी गाडी वळणावर अडायची आणि चपट्या दोन फळ्या खांद्यावर टाकून धावायचा. फळ्या लावा, इंच इंच गाडी चढवा, उतरवा. निम्मी गिऱ्हाइकं तिथूनच परत फिरली. चपट्या भांडायला नानाच्या कचेरीत गेला, तेव्हा नानानं चार माणसांदेखत विचारलं होतं, "आपण कोण?" दोन वर्षं झाली त्याला. बोलाचाली बंद, जाणंयेणं बंद.

"तो तुझ्याशी बोलतो?" चपट्यानं विचारलं.

"दोन वर्षांत एकदा फोन केला त्यानं. तीन आठवड्यांपूर्वी. म्हणाला, ताई, एका साहेबांच्या गाडीची पुढची प्लेट तुटलीय, कागद दुरुस्तीला गेलेत, तेवढी एक करून दे. नुसतं 'ताई' म्हणाला रे, आणि मी... मी बाकी काही विचारलंच नाही. तो नंबर सांगत गेला, मी लावत गेले. पण तो सत्तावीस चौदा नव्हता. त्यानं सांगितलं चार, एक, सात, दोन."

बोलता बोलता ती थांबली. चपट्याही थांबला. दोघांच्या डोक्यात एकाच वेळी उजेड पडला.

झालं होतं असं. ठसे प्रेसवर पालथे लावतात, आणि या घरात ते उजव्या टोकाकडून लावायची रीत. वडिलांनी प्रेस घातला तेव्हापासून नंबर सांगणारा शेवटचा अंक आधी सांगणार आणि लावणारा ऐकत ऐकत लावत जाणार. तिन्ही पोरं बोलायला लागल्यापासून हेच ऐकत वाढली. मग नुसत्या गाड्यांचे नंबर नव्हे, घराचा नंबर, शाळेतला हजेरी नंबर, फोनचा नंबर, सगळं शेपटाकडून. चपट्यानं लग्नाआधी मुलीला आपला फोन नंबर असाच सांगितला होता आणि ती बिचारी आठवडाभर एका दातांच्या डॉक्टरला फोन करत होती. बाहेरच्या माणसाशी सरळ बोलायचं आणि घरच्या माणसाशी उलट, हे दोघांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की विचार करावा लागत नसे.

आणि नाना पंचवीस वर्षं कचेरीत बसून सरळ बोलायला शिकला होता.

"आपल्या इंजिनिअर साहेबानं सरळ सांगितला," चपट्या म्हणाला, "आणि तू घरच्यासारखा लावलास. चार एक सात दोनचा झाला दोन सात एक चार. वा! म्हणजे गाडी आहे एकेचाळीस बाहत्तर, आणि त्या गाडीनं बाईंना उडवलं, आणि अडकला बिचारा बसवाला." तो हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. "कुठल्या साहेबाची गाडी ते विचार की आता तुझ्या लाडक्या भावाला."

ताईनं फोन लावला. नानानं उचलल्या उचलल्या ती एवढंच म्हणाली, "एकेचाळीस बाहत्तर कुणाची?"  मग नाना म्हणाला, "येतो मी."

अडीचला आला. बरोबर वहिनी, त्याची बायको. सातचा खळगा, कानस, चारची वेळ, सगळं चपट्यानं तिला दारातच सांगून टाकलं. नाना भिंतीला टेकून उभा राहिला. वहिनीला ताईनं खुर्ची दिली, तिनं ती घेतली नाही. नानाचा इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, आणि चेहऱ्यावर मात्र रक्ताचा थेंब नव्हता. ताईला त्या चेहऱ्याकडे बघूनच कळलं.

"साहेब-बिहेब कुणी नाही," ती म्हणाली. "गाडी तुझी आहे."

"जानेवारीत घेतली," नाना म्हणाला. "जुनीच आहे. वापरलेली."

"तू?" चपट्या ओरडलाच. "तू बुटकी गाडी घेतलीस? माझ्या लग्नाच्या जेवणात सगळ्यांसमोर मला काय म्हणाला होतास आठवतंय? 'हा माणसांना झोपून गाडी चालवायला शिकवतो!' आणि स्वतः? आणि दुरुस्तीला कुठे जात होतास रे? पलीकडच्या गावाला?"

"तुझ्याकडे कुठल्या तोंडानं येणार होतो?"

"स्पीडब्रेकर कसा घेतलास?"

"काय?"

"सरळ विचारतोय. स्पीडब्रेकर कसा घेतलास?"

"तिरपा," नाना हळूच म्हणाला. "सरळ घेतला की पोट घासतं. एक एक चाक चढवावं लागतं. उजवीकडे बरंच बाहेर जावं लागलं... मी पुढच्या चाकाकडे बघत होतो. प्लेट तुटल्याचा आवाज आला. मला वाटलं तेवढंच झालं. मग आरशात पाटी दिसली. रस्त्यावर पडलेली. 'थांबा' लिहिलेली."

"आणि थांबला नाहीस."

नानानं मान खाली घातली. ताईला त्याला कवेत घ्यावंसं वाटलं आणि त्याच क्षणी एक सणसणीत ठेवून द्यावीशी वाटली, आणि दोन्हीतलं काहीच न करता ती नुसती ॲप्रनच्या नाड्या सोडत-बांधत राहिली.

"ताई, ऐका," वहिनी पुढे झाली. तिचं बोलणं घोटून आणलेलं होतं. "हे आठ महिन्यांनी निवृत्त होतायत. त्या बाईंचा दवाखान्याचा सगळा खर्च आम्ही करू, नाव न सांगता. बसवाल्यावर काही सिद्ध होणार नाही, त्याच्या प्लेटा त्याच्या गाडीवर आहेत. थोडे दिवस बोलतील लोक, विसरतील. तुम्ही फक्त तो ठसा... भाऊजी म्हणतायत ना, दोन मिनिटांचं काम आहे?"

"ते मी ताईसाठी म्हणत होतो, वहिनी," चपट्या म्हणाला. "यांच्यासाठी नाही. आता मी कानशीला हात लावणार नाही. उलट चार वाजता मीच फाटकात उभा राहून सांगणार आहे, या साहेब, गाडी कुणाची ते सांगतो."

"तुम्हाला आनंदच होतोय!"

"होतोय थोडा. खोटं कशाला बोलू?"

"शरम वाटू दे जरा! सख्खा भाऊ आहे."

"त्यानं मला विचारलं होतं, आपण कोण!"

"बास!" ताई म्हणाली. तिचा आवाज पत्र्याच्या छपराला लागून परत आला. "तू फाटकात उभा राहणार नाहीस, चपट्या. नाव मीही सांगणार नाही, तूही सांगायचं नाही. सांगायचं तर ज्याचं त्यानं सांगावं. शप्पथ घे माझी."

"अगं पण—"

"घे."

चपट्यानं तोंड वाकडं केलं, पण घेतली. मग ताई नानाकडे वळली. तिला खरं तर एकच गोष्ट समजत नव्हती, आणि ती तिला बाकी सगळ्यापेक्षा जास्त टोचत होती.

"मला एक सांग. मी चूक केली, नंबर उलटा लावला. ती प्लेट तुझ्या हातात आली, तू ती गाडीला बसवलीस. तू बघितली नाहीस? एवढा मोठा इंजिनिअर, नकाशातली एक रेघ चुकली तरी तुला दिसते, आणि स्वतःच्या गाडीचा नंबर—"

दारात कुणीतरी खाकरलं.

बसचा ड्रायव्हर होता. पन्नाशीचा, बारीक, धुतलेला पांढरा शर्ट घातलेला. हातात कापडी पिशवी. आत चार माणसं बघून तो उंबऱ्यातच थबकला.

"माफ करा बाई, पाहुणे आहेत का? मी नंतर येतो."

"नाही, या की. या ना आत."

त्यानं पिशवीतून दोन प्लेटा काढल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. कडा चेपलेल्या, रंग उडालेला. सत्तावीस चौदा, सत्तावीस चौदा. कोपऱ्यात ताईचा शिक्का.

"नऊ वर्षांपूर्वी तुम्हीच केल्या होत्या," तो म्हणाला. "मी गाडीवरून काढून आणल्यात. एवढंच सांगा साहेबांना, या जुन्या आहेत, परवाच्या नव्हेत. दुसरं काही नको मला. कुणाचं काही वाकडं व्हावं असंही नाही." त्याची नजर नानाकडे गेली आणि त्यानं चटकन हात जोडले. "तुम्ही रस्ते खात्याचे साहेब ना? ओळखलं मी. तुमचे फार उपकार आहेत साहेब. तो स्पीडब्रेकर तुम्ही केलात म्हणून ती गाडी हळू झाली. आधीसारखी सुसाट आली असती तर बाई वाचल्या नसत्या. आणि मागे मुलं होती."

नानानं भिंतीवरची पाठ काढली. पुन्हा टेकवली.

"बसा हो," ताई म्हणाली. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाली. "पाणी देऊ?"

"नको. बसवत नाही मला." तो प्लेटांच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. "बावीस वर्षं त्या शाळेची बस चालवतोय. एका पोराला खरचटू दिलं नाही. काल मी माझा पगाराचा कागद आणायला गेलो, तर तिसरीतली एक पोरगी, रोज माझ्या मागच्या सीटवर बसते, तिनं विचारलं, काका, तुम्ही बाईंना खरंच पाडलंत? आणि तिच्या आईनं तिचा हात धरून ओढून नेलं. मला 'नाही' म्हणायलाही वेळ मिळाला नाही बघा."

 चपट्या मान खाली घालून प्लेटांकडे बघत होता. वहिनीनं तोंड खिडकीकडे फिरवलं होतं, आणि मघाशी घोटून आणलेलं तिचं सगळं बोलणं कुठे गेलं होतं कोण जाणे.

ताईनं भंगाराच्या ढिगातून एक कोरा पत्रा ओढला. ॲप्रनची नाडी पक्की बांधली. शून्य लावला, दांडा खाली ओढला. एक लावला, ओढला. प्रत्येक वेळी प्रेस घुसमटल्यासारखा आवाज करत खाली यायचा आणि खोलीतलं प्रत्येक माणूस दचकायचं. सातपाशी ती क्षणभर थांबली. तीस वर्षांचा परवाना भिंतीवर होता, तिकडे तिनं बघितलंही नाही. बघितलं असतं तर हात चालला नसता, हे तिचं तिला ठाऊक होतं. तिनं सात जसा होता तसा लावला आणि दाबला.

"ताई!" वहिनी म्हणाली. नुसतंच म्हणाली.

आठ. नऊ.

चारला पाच मिनिटं असताना जीप आली. तपासनीस आत आले, एवढी गर्दी बघून जरा चमकले, ड्रायव्हरला बघून भुवया उंचावल्या. पण पत्रा हातात घेतल्यावर त्यांचं दुसऱ्या कशाकडे लक्ष राहिलं नाही. खिशातून छोटं भिंग काढून ते सातवर वाकले. सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा खरोखर दुखावल्यासारखा दिसला.

"बाई, हे काय?"

"प्लेट माझीच आहे, साहेब. माझ्या प्रेसची."

"यांच्यासाठी केलीत?" त्यांनी ड्रायव्हरकडे बोट केलं.

"नाही. यांच्या त्या बघा टेबलावर, नऊ वर्षांच्या जुन्या. यांचा यात काडीचा संबंध नाही. नंबर माझ्याकडून उलटा लागला. मूळ नंबर चार एक सात दोन." आणि तिनं सगळं सांगितलं, पालथे ठसे, उजवं टोक, घरची रीत. साहेब लिहिता लिहिता तीनदा थांबले.

"कागद बघितले होतेत?"

"नाही."

"शिक्का?"

"नाही मारला."

"प्रेसला आजच सील लावावं लागेल, हे माहीत आहे ना तुम्हाला? परवान्याचं काय होईल ते सुनावणीत ठरेल. बहुतेक जाईल."

"माहीत आहे."

"करून कुणाला दिलीत?"

"भावाला," ताई म्हणाली.

साहेबांची मान आपसूक चपट्याकडे वळली. वळणारच. ग्रीस लागलेला हा पहाड, शेजारी बुटक्या गाड्यांचं गॅरेज, दुसरा कोण असणार? चपट्यानं तोंड उघडलं. ताईनं त्याच्याकडे बघितलं. त्यानं तोंड मिटलं, आणि ते मिटणं त्याला किती जड गेलं ते त्याच्या जबड्यावर दिसलं. कोपऱ्यातला इस्त्रीच्या शर्टातला इंजिनिअर साहेबांच्या खिजगणतीतही नव्हता. ताई नानाकडे बघत राहिली. धाकट्यावर संशय चाललाय आणि हा गप्प उभा आहे, हे तिला बघवेना. इतका वेळ तिच्या मनात त्याच्याविषयी राग होता, माया होती, भीती होती. आता पहिल्यांदा शिसारी यायला लागली.

"काही हरकत नाही," साहेब म्हणाले, "नका सांगू. एकेचाळीस बाहत्तर कुणाच्या नावावर आहे ते कचेरीतून दहा मिनिटांत कळेल." त्यांनी फोन लावून नंबर सांगितला, वाट बघतो म्हणाले आणि पुन्हा कागदाकडे वळले. "पण बाई, तुमची ही गोष्ट माझ्या गळी उतरत नाही. घरची रीत, उलटं ऐकलं, समजा ते मानलं. तुमची चूक झाली. पण मालकाचं काय? एकेचाळीस बाहत्तरच्या गाडीवर सत्तावीस चौदाची प्लेट स्वतःच्या हातानं बसवतो आणि त्याला दिसत नाही? म्हणजे मुद्दाम खोटी लावून घेतली, दुसऱ्याच्या नंबराची. बाईंना उडवलं ते वेगळं, हा आणखी एक मोठा गुन्हा. आणि मग तुम्हीही त्यात सामील. मी असंच लिहिणार. तुमच्यासमोर सांगतो, म्हणजे नंतर म्हणायला नको."

  हाच तर प्रश्न ताईनं स्वतः विचारला होता आणि त्याचं उत्तर तिला मिळालं नव्हतं. तीस वर्षं सूतभर इकडेतिकडे न गेलेली बाई, आता जाताना खोट्या प्लेटा करणारी म्हणून जाणार होती. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसलेही नाहीत.

साहेबांनी पेन टेकवलं.

"लिहू नका," नाना म्हणाला.

वहिनीनं त्याची बाही धरली. त्यानं तिचा हात हळूच, एकेक बोट करून सोडवला आणि टेबलापाशी आला.

"गाडी माझी आहे. बाईंना माझाच धक्का लागला, आणि मी थांबलो नाही. माझ्या या धाकट्या भावाचा काही संबंध नाही. ताईनं फक्त माझ्या शब्दावर विश्वास ठेवला." मग तो ड्रायव्हरकडे वळला. ड्रायव्हर त्याच्याकडे बघत होता, आणि मघाचे जोडलेले हात आता खाली लोंबत होते.

"आणि प्लेट?" साहेबांनी विचारलं. "न बघता बसवलीत?"

"बघितली होती. गाडीपुढे बसून दोनदा वाचली. चार एक सात दोन. मला बरोबर वाटली."

"अहो, बरोबर कशी वाटेल? सरळ सरळ दोन सात लिहिलंय!"

नानानं मान वर करून ताईकडे बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच नीट बघितलं.

"मी यांचा भाऊ आहे, साहेब," तो म्हणाला. "आम्ही उजवीकडून वाचतो."